तारेखालची साल

नर्सरीत सगळे तिला आत्या म्हणत. वास्तविक ती आत्या एकट्या बाळची, म्हणजे नर्सरीच्या मालकाची. पण मालकच दिवसभर आवारातून "आत्या, ए आत्या" करत फिरू लागला की कामगारांना दुसरं काय सुचणार? मग खताची गाडी आणणारा ड्रायव्हर आत्या म्हणू लागला, गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि एकदा तर तिच्याहून वयाने चांगले मोठे असलेले एक गृहस्थ काठी टेकत आले आणि आत्या, आमच्या लिंबाकडे जरा बघा हो, म्हणाले. आत्याने त्यांनी आणलेलं पान उलटंसुलटं करून पाहिलं, पाणी कमी घाला म्हणून सांगितलं, आणि ते फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाली की या वयात एवढा मोठा भाचा पदरात पडेल असं काही वाटलं नव्हतं. बाळ हासुद्धा नावापुरताच बाळ होता. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, मिशीत पांढरं डोकावू लागलेलं. पण एकदा नाव पडलं ते पडलं.

आत्याचं काम कलमं बांधण्याचं. आवाराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, शेडमध्ये खिडकीखाली लांब टेबल, आणि त्या टेबलाशी ती. समोर ट्रेमध्ये खुंटाची रोपं, म्हणजे ज्यांची मुळं दणकट पण फळ तोंडात धरवत नाही अशी रानटी जातीची रोपं. बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चांगल्या झाडाच्या काड्या. खुंटाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक दोन्हीकडून तासून त्याची पाचर करायची, पाचर चिरेत बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. सांगायला सोपं आहे. पण खुंटाची साल आणि काडीची साल निदान एका अंगाला तरी तंतोतंत भेटली नाही, तर काडी आठवड्या-दोन आठवड्यांत काळी पडते आणि सगळी मेहनत पाण्यात. आत्याच्या हातची काडी क्वचितच काळी पडायची.

हे काम तिने आणि तिच्या भावाने, म्हणजे बाळच्या वडिलांनी, मिळून उभं केलं होतं. दादा खड्डे खणायचा, माती कालवायचा, आणि मुख्य म्हणजे बोलायचा. गिऱ्हाईक एका गुलाबासाठी आलं की फळझाडांची रांग घेऊन जाईल इतकं बोलायचा. आत्या टेबलाशी बसून कलमं बांधायची आणि त्याच्या बाता ऐकून हसायची. तिचं स्वतःचं लग्न जमता जमता राहिलं. कुणी खोचकपणे त्याची आठवण काढलीच, तर माझ्या हातून जेवढी लग्नं लागली तेवढी कुणी पाहिलीसुद्धा नसतील, असं ती म्हणायची, आणि बोट ट्रेकडे दाखवायची. तिला खंत नव्हती असं नाही, पण सकाळी टेबलाशी बसली की ती खंत कुठल्या कुठे जायची.

मग बाळचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आली. ती आधी शाळेत विज्ञान शिकवायची. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. आल्या आल्या तिचं आणि आत्याचं वाजलं ते झाडाच्या रसावरून. आत्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आली होती की रस दिवसा मुळातून वर चढतो आणि संध्याकाळी त्याच वाटेने खाली उतरतो, माणसं कामावर जातात आणि घरी येतात तसा. सूनबाई हे ऐकून आधी चुळबुळली आणि मग तिला राहवेना. म्हणाली, आत्या, वाट एक नाही, दोन आहेत. पाणी जातं आतल्या लाकडातून, वर. पानांत तयार झालेली साखर येते ती सालीच्या आतल्या पातळ थरातून, आणि ती मुळाकडे येते, फळाकडे जाते, जिथे भूक असेल तिथे जाते. दोघांची गाठभेट रस्त्यात होत नाही.

आत्याने वाद घातला नाही. तिने चाकू घेतला, मागच्या बाजूच्या एका बिनकामाच्या झाडापाशी गेली, आणि एका फांदीवरून बांगडीएवढ्या रुंदीची साल गोल काढून टाकली. लाकूड तसंच ठेवलं. तुझं खरं असेल तर ही फांदी हिरवी राहील, म्हणाली. फांदी हिरवी राहिली. इतकंच नाही, तर काढलेल्या सालीच्या वरच्या कडेला जाड वळी धरली, आणि खालचा भाग होता तसाच किडकिडीत राहिला. साखर वरून येत होती आणि वाट तुटल्यामुळे कडेलाच तुंबत होती, याहून वेगळा अर्थ लावायला जागाच नव्हती. आत्या ती फांदी बराच वेळ बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, बरं बाई, तुझ्या पुस्तकातही थोडंफार खरं असतं. त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकांना दोन वाटा सांगू लागली, आणि अशा थाटात की जणू शोध तिनेच लावला होता.

पण कलमाच्या बाबतीत सूनबाईची डाळ शिजली नाही. तिने तासलेली पाचर सपाट व्हायच्याऐवजी गोल व्हायची. पेन्सिल झाली का गं, असं आत्या विचारायची आणि शेडमधले सगळे हसायचे. सूनबाईही हसायची. शेवटी आत्याने तिला ट्रेला पाणी घालण्यावर नेमलं. ते काम संध्याकाळचं, ऊन उतरल्यावरचं, आणि तोवर आत्या हातपाय धुऊन घरात गेलेली असायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग आत्याचा हात थरथरू लागला. आधी फक्त चहा पिताना. तिने कप अर्धाच भरून घ्यायला सुरुवात केली. मग बटण लावताना, मग सुईत दोरा ओवताना. घरी बाजाराचं निमित्त सांगून ती एकटी डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावला, रेघ मारायला लावली, आणि वय झालंय, बारीक काम आता सोडा, असं अगदी प्रेमाने सांगितलं. आत्याला त्यांच्या प्रेमाचाच राग आला. दादाचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. त्याचे गुडघे गेले तेव्हा सगळ्यांनी त्याला मायेने व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं, मऊ उशी दिली, काही करू नका म्हणाले. बोलणारा माणूस त्या खुर्चीत महिन्याभरात मुका झाला आणि पुढची थंडी त्याने पाहिली नाही. आत्याला मरणाची भीती नव्हती. तिला त्या खुर्चीची भीती होती.

म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. टेबलाशी बसताना दाराकडे पाठ करू लागली. चाकू धरलेल्या हाताचं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरू लागली. तरी काप वाकडे जात, पाचर चिरेत डुगडुगे, आणि पट्टी गुंडाळताना काडी सरके. हे तिला दिसत होतं, कारण तिची नजर अजून चांगली होती. रोज वाटायचं, आता हा ट्रे काळा पडणार आणि बिंग फुटणार. पण ट्रे काळे पडेनात. काड्या फुटत होत्या, पानं धरत होत्या, पूर्वीसारख्याच. कधीकधी तर पूर्वीपेक्षा सुबक. पट्टीचं टोक आता खालून वर घेऊन आत खुपसलेलं दिसे. ती स्वतः आयुष्यभर वरून खाली घेत आली होती. म्हातारपणी हाताला नवं वळण लागलं म्हणायचं, असं तिने मनाशी ठरवलं. माणसाला जे हवं असतं ते पटवून घ्यायला त्याला वेळ लागत नाही. हात थरथरतो तो बाहेर, चाकू धरला की मुकाट्याने काम करतो, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि जेवताना बाळला ऐकवतही राहिली की माझ्या हाताची सर कुणाला यायची नाही. सूनबाई खाली मान घालून जेवत असायची.

फाटकाशी नासपतीचं एक मोठं झाड होतं. दादाने लावलेलं. नर्सरीतून आजवर बाहेर पडलेल्या प्रत्येक नासपतीची काडी याच झाडाची. त्याची जात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि ते गेलं की जातही जाणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नर्सरीची पाटीही त्यालाच बांधलेली. दादानेच खोडाला जाड तार गुंडाळून ती टांगली होती आणि नंतर वाऱ्याने हलू नये म्हणून तार पिळून घट्ट केली होती. मागच्या हंगामात हे झाड असं काही लगडलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. फळं मोठी, आणि गोडी अशी की खाणारा दुसरं मागून घ्यायचा. बाळने येईल त्याला फळं वाटली, बाबांचा आशीर्वाद म्हणाला, आणि स्वतःच्या खताचंही जाता जाता कौतुक करून घेतलं.

थंडी सरत आली तेव्हा पाटीला रंग द्यायचं निघालं. सूनबाईने पाटी उतरवली आणि तशीच उभी राहिली. मग शेडमध्ये आली आणि आत्याला म्हणाली, जरा चला माझ्याबरोबर. पाटीमागे खोडाला चहूकडून वळी आली होती, माणसाच्या पोटावर पट्टा रुतावा तशी. वळीच्या वर खोड जाडजूड, खाली बारीक. पाटी अडकवलेली गाठ तेवढी बाहेर होती, बाकी तार दिसतच नव्हती, सालीने गिळून टाकली होती. आत्याने नखाने खालची साल खरवडली. हिरवी निघायला हवी ती फिकट पिवळी निघाली. एका अंगाला हाताच्या रुंदीएवढी साल तेवढी तारेच्या वेढ्यातून कशीबशी जिवंत राहिली होती.

काय झालंय हे एकीलाही दुसरीला सांगावं लागलं नाही. कलमाची पट्टी वेळेवर कापा, नाहीतर झाडाचा गळा आवळला जाईल, असं या घरातून प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगितलं जायचं. हजारो रोपांच्या पट्ट्या आत्याने स्वतः आठवणीने कापल्या होत्या. आणि घरच्या झाडाचा गळा फाटकातच आवळला जात होता. तार दादाने बांधली होती, म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. दादाच्या हाताची गाठ म्हणून आत्या जाता-येता तिच्याकडे मायेने बघायची, इतकंच.

बाळला बोलावलं. त्याला काही केल्या पटेना. झाड ठणठणीत आहे, कळ्या भरल्यात, मागच्या वर्षी फळं किती आली ते तुम्ही पाहिलंत, असं तो परत परत म्हणत राहिला. सूनबाईने त्याला खोडापाशी नेलं.

"पाणी आतल्या लाकडातून चढतं," ती म्हणाली. "पानांना बारीक भोकं असतात, त्यातून वाफ जाते, आणि जेवढी जाते तेवढं पाणी खालून ओढलं जातं. तारेने लाकडाला काही केलेलं नाही, म्हणून वरून सगळं छान दिसतंय. पण पानं जी साखर करतात ती सालीतून खाली येते. ती वाट तारेने बंद केली. साखर वरच अडकली, म्हणून फळं एवढी आली. ती मुळांच्या वाटची होती."

"मग मुळं इतके दिवस काय खातायत?"

"साठवलेलं. ते संपलं की मुळं मरतील, मग पाणी चढायचं थांबेल, आणि झाड भर उन्हात उभ्या उभ्या वाळेल. लोक म्हणतील, काल तर चांगलं होतं."

बाळने वर फांद्यांकडे बघितलं. वाटलेली फळं त्याला आठवली असावीत. मग त्याने विचारलं की आता काय करायचं, आणि विचारताना बघितलं ते आत्याकडे.

उपाय आत्याला माहीत होता. तार कापून काढायची, मेलेली साल तासून साफ करायची, आणि जखमेच्या वर-खाली चांगल्या सालीत त्याच झाडाच्या काड्या पुलासारख्या बसवायच्या. काडीचं खालचं टोक खालच्या सालीत, वरचं टोक वरच्या सालीत. उलटी बसवली तर फुकट. काड्या जगल्या की साखर त्यांच्यातून खाली उतरते. असं कलम तिने आयुष्यात एकदाच केलं होतं, दादाबरोबर, घुशींनी एका झाडाची साल कुरतडली तेव्हा. काड्या थंडीतच कापून गोणपाटात ठेवलेल्या होत्या, तेवढं एक बरं होतं. आणि कळ्या फुगल्या होत्या म्हणजे साल लाकडापासून अलगद सुटण्याचे दिवस हेच. ते गेले की वर्षभर थांबायचं, आणि वर्षभर झाड थांबणार नव्हतं.

बाळ म्हणाला, पलीकडच्या मोठ्या नर्सरीतल्या माणसाला बोलावू का? मी मेले का, असं आत्याने विचारलं. तोंडातून गेलं आणि मग तिला आपला हात आठवला. पण शब्द गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाभोवती गोणपाट अंथरलं. बाळने तार पकडीने तुकडे तुकडे करून उपटली, सूनबाईने मेलेली साल तासली, आणि खालच्या बाजूला चांगली साल किती उरली ते दिसलं. फार नव्हती. मोजक्याच काड्या बसतील एवढी जागा होती, आणि जी जागा फाटेल ती गेली. आत्या गुडघे टेकून बसली. मनगट दाबायला इथे टेबलाची कड नव्हती. पहिल्या काडीची पाचर तिने तीनदा तासली आणि काडी आखूड झाली. दुसरी टाकली. तिसरी जरा बरी जमली. मग सालीला उभी चीर द्यायला तिने चाकू लावला, हात हलला, आणि साल तिरकी फाटत खालपर्यंत गेली. एक जागा गेली.

थंडी वाजतेय का आत्या, बाळने विचारलं. तो सरळ मनाने विचारत होता. कामगार बाजूला उभे होते. आत्याने चाकू परत सालीला लावला, आणि टोक सालीवर टकटक करताना तिला स्वतःलाच ऐकू आलं. ती तशीच थांबली. हात खाली घेतला तर उद्या खुर्ची, मऊ उशी आणि काही करू नका. नाही घेतला तर हे झाड. एवढाच हिशोब होता, आणि तिला तो करायला फार वेळ लागला नाही, पण रडू मात्र आलं.

"माझा हात चालत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. मी लपवलं. चाकू दुसऱ्या कुणीतरी घ्या."

बाळ तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग सूनबाई शेजारी येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने चाकू घेतला. आत्याच्या मनात आलं, आता पेन्सिल होणार. तिने डोळे पुसले आणि सांगायला तयार झाली की चाकू कसा धरायचा, दाब कुठे द्यायचा. सांगायची वेळच आली नाही. सूनबाईने काडीचं टोक एका ओढीत तासलं, उलटून दुसऱ्या बाजूने तासलं, आणि पाचर आरशासारखी सपाट निघाली. सालीला चीर दिली, कड अलगद उचलली, काडी आत सरकवली. वरचं टोक बसवताना काडीला थोडा बाक ठेवला, म्हणजे वाऱ्यात खोड हललं तरी ती ताणून निघणार नाही. हे तर आत्याने कधी शिकवलंही नव्हतं. चांगल्या सालीची एकही जागा पुढे वाया गेली नाही. शेवटी काड्या हलू नयेत म्हणून सूनबाईने खोडाभोवती पट्टी गुंडाळली, आणि पट्टीचं टोक खालून वर घेऊन आत खुपसलं.

आत्या त्या टोकाकडे बघत राहिली. वर्षभर ती हे टोक ट्रेमध्ये बघत आली होती. ज्याला ती आपल्या हाताचं नवं वळण समजत होती ते वळण समोर बसलेलं होतं, आणि काप बंद करायला मेणाचं भांडं मागत होतं.

संध्याकाळी ती शेडमध्ये गेली. सूनबाई ट्रेला पाणी घालत होती.

"किती दिवस?" आत्याने विचारलं.

सूनबाईने झारी खाली ठेवली. "पहिल्या दोन ट्रेमधल्या काड्या मला सैल दिसल्या ना, तेव्हापासून. तुम्ही गेलात की सैल असतील तेवढी सोडायची, पुन्हा तासून बांधायची. सुरुवातीला माझीही बिघडायची. मग जमायला लागलं."

"बाळला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी टेबलाशी आला नसता."

हे इतकं खरं होतं की आत्या भडकली. मला उल्लू बनवलंस, माझ्या पाठीमागे माझी कलमं सोडलीस, मी जेवताना बढाया मारत होते तेव्हा मनात हसत असशील, असं बरंच काही ती बोलली. सूनबाई ऐकून घेत राहिली. एकदाच म्हणाली की हसले नाही, आत्या. आत्या खोलीत निघून गेली, आणि त्या दिवशी तिने जेवणही खोलीतच मागवलं.

झाडाचं काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. बहुतेक काड्या जगल्या. त्यांच्यावर कोंब फुटले ते खुडून टाकले, पट्टी आठवणीने कापली, आणि त्या वर्षी सगळा मोहर झाडून टाकला, म्हणजे फळं धरणार नाहीत आणि साखर मुळांकडे जाईल. बाळला हे फार जड गेलं. काड्या हळूहळू जाड होत गेल्या आणि झाड अजून फाटकात उभं आहे, बुंध्याशी जरा विचित्र दिसतं एवढंच. पाटी आता भिंतीला आहे.

पण त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. बाळने चहाच्या वेळी, चार शब्द मनात जुळवून आणलेले असावेत तसं, आत्या, आता जरा आराम कर, म्हणून सुरुवात केली. व्हरांड्यात ऊन छान येतं, असंही म्हणाला. आत्याने कप काठोकाठ भरून घेतला. तो थरथरत्या हाताने उचलला, थोडा चहा बशीत सांडला, तो तिने सगळ्यांदेखत सांडू दिला, आणि उरलेला पिऊन ती शेडकडे निघाली.

वाटेत तिचा राग उतरत गेला. खरं तर तो सूनबाईवरचा नव्हताच. वर्षभर आपण टेबलाशी बसून होतो ते कुणाच्या जिवावर, हे तिला आता लख्ख दिसत होतं, आणि आधी दिसलं नाही याची लाज वाटत होती. मुळाला तरी कुठे दिसतं साखर कुठल्या पानाने पाठवली ते, असं तिच्या मनात आलं. मग सूनबाईने एकटीने ट्रेवर ओणवून काढलेल्या संध्याकाळी तिला आठवल्या, म्हणजे न पाहिलेल्याच. तिने पदराने नाक पुसलं आणि सूनबाईला हाक मारली.

"संध्याकाळचं येणं बंद," ती म्हणाली.

सूनबाईचा चेहरा पडला.

"ट्रेला पाणी कुणीही घालेल. तू आता सकाळी इथे बसायचं, माझ्या उजव्या हाताला. मी बांधेन ते बघायचं. वाईट असेल ते सोडायचं आणि पुन्हा बांधायचं. पण माझ्या पाठीमागे नाही. माझ्यादेखत."

सूनबाई बसली. आत्याने खुंट पुढे ओढला, शेंडा उडवला, चीर दिली. दाराकडे तोंड होतं आणि हात थरथरत होता, आणि येणारे-जाणारे बघत होते. तिने काडी तासली, बसवली, पट्टी गुंडाळली आणि रोप उजवीकडे सरकवलं.

सूनबाईने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. "हे बरंय," ती म्हणाली. "राहू दे."

"खरं सांग."

सूनबाईने नखाने पट्टीचं टोक शोधलं आणि सावकाश सोडवायला घेतलं. कुठे चुकलं ते बघायला आत्या तिच्या खांद्याला खांदा लावून वाकली.